गाडीत सांडलेल्या दुधाचा वास पुन्हा पुन्हा येतोय? कार्पेटच्या खाली बघा

कोजागरीच्या रात्री आम्ही कर्वेनगरहून धायरीला ताईकडे निघालो होतो. मागच्या सीटवर बसणाऱ्याचे पाय येतात तिथे, डाव्या बाजूला, मसाला दुधाचा स्टीलचा डबा ठेवला होता. म्हशीचं दूध आटवलेलं, साखर, केशर, वेलदोडे, बदाम-पिस्त्याची पूड घातलेलं, तीन लिटर तरी असेल. राजाराम पूल ओलांडून सिंहगड रोडला लागलो आणि पुढची रिक्षा एकदम थांबली म्हणून मी जोरात ब्रेक दाबला. डबा आडवा झाला, झाकण उडालं. ताईच्या दारात गाडी लावून पाहिलं तर डबा निम्मा रिकामा, पण रबरी मॅटवर दूध जेमतेम वाटीभर. ते टिपलं, मॅट काढून खालचं कार्पेट ओल्या फडक्याने दोनदा पुसलं. ताई म्हणाली, "अगं, राहू दे आता, गच्चीवर चल, चंद्र डोक्यावर आला." मीही गेले.

डब्यातून गेलं दीड लिटर आणि मॅटवर सापडलं वाटीभर. उरलेलं कुठे गेलं, हा प्रश्न मला त्याच रात्री पडायला हवा होता. तो पडला जुलैत.

मधल्या काळात काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ज्यांच्या गाडीत हा प्रकार चालू आहे त्यांना हा क्रम ओळखीचा वाटेल. चौथ्या दिवशी ऑक्टोबरच्या उन्हात गाडी उभी होती, संध्याकाळी दार उघडलं आणि नासलेल्या दुधाचा भपकारा आला. मी खाण्याचा सोडा भुरभुरला, रात्रभर ठेवून व्हॅक्यूमने ओढून घेतला. दोन दिवस बरं वाटलं. मग कॉफी पावडरची वाटी, कापराच्या वड्या, कोळशाची पिशवी, डॅशबोर्डवरचा सुगंध. शेवटी एका ठिकाणी गाडी आतून धुवायला दिली. त्यांनी फेस मारून, ब्रशने घासून, वर वाफ मारून दिली. डिसेंबर-जानेवारीत वास अजिबात नव्हता आणि मला वाटलं, संपलं एकदाचं. मार्चच्या मध्यावर तो परत आला आणि या वेळी वेगळाच होता. आंबूस नव्हता, खवट होता, जुन्या तुपासारखा, कधी कधी चक्क उलटीसारखा. जूनमध्ये पाऊस लागला आणि गाडीत बसणं अशक्य झालं. सासूबाईंना गाडी लागायला लागली. घरची गाडी दारात उभी असताना त्यांना दवाखान्यात न्यायला मी रिक्षा बोलवत होते, याचं मला फार वाईट वाटायचं.

अखेर नाना पेठेत एका कुशनवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मागच्या कार्पेटवर गुडघा दाबला, हात नाकाशी नेला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही वरून काय धुताय? सगळं खाली बसलंय."

वास जातो आणि परत का येतो

गाडीचं कार्पेट म्हणजे एकच थर नसतो. वर दिसतं ते धाग्याचं कापड. त्याच्या खाली जाड फेल्ट किंवा फोम असतो, आवाज आणि इंजिनची धग अडवण्यासाठी. आणि त्याच्याही खाली पत्रा. पुष्कळ गाड्यांत वरच्या कापडाच्या पाठीला रबरासारखा पातळ थर असतो, त्यामुळे ओलं फडकं फिरवलं की वरचं कोरडं वाटतं. दूध मात्र सीटच्या बोल्टांजवळच्या चिरांतून, वायर जाते त्या भोकांतून, दाराच्या उंबऱ्याच्या कडेने खाली उतरलेलं असतं. खालचा फेल्ट जाड ब्लँकेटसारखा असतो. लिटर-दीड लिटर तो सहज पिऊन टाकतो आणि वर पत्ता लागत नाही.

आता त्या दुधाचं पुढे काय होतं ते स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला लगेच समजेल. पहिले काही दिवस दुधातली साखर जिवाणू खातात आणि तिचं लॅक्टिक आम्ल होतं, विरजण लागतं तसंच. तो पहिला आंबूस वास. आम्लता वाढत सामू (म्हणजे pH) ४.६ च्या आसपास उतरला की केसीन नावाचं प्रथिन साकळतं आणि त्याचा चोथा फेल्टच्या धाग्यांत घट्ट बसतो. केसीन किती चिकट, तर पूर्वी सुतारकामात त्याचा सरस वापरत. आणि मग सावकाश स्निग्धांशाची पाळी येते. दुधाच्या स्निग्धांशात ब्युटिरिक आम्ल बांधलेलं असतं. जिवाणूंच्या लायपेज नावाच्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, ते सुटं होतं, आणि सुटं झालं की खवट, उलटीसारखा वास येतो. हे आम्ल अगदी थोडं असलं तरी नाकाला कळतं. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ४ टक्के, म्हशीच्या दुधात ६ ते ७. माझं तर आटवलेलं होतं, वर साखर घातलेली. म्हणून मार्चमधला वास ऑक्टोबरच्या वासाहून वेगळा होता. गाडी तीच, डाग तोच, पण कुजणं पुढच्या पायरीवर गेलं होतं.

थंडीत वास गेला असं वाटलं त्याचंही कारण आहे. पुण्याच्या हिवाळ्यात हवा कोरडी असते, रात्री गारठा असतो. जिवाणू मंदावतात आणि ही आम्लं हवेत कमी उडतात. उन्हाळ्यात बाहेर ३५ अंश असले तर उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत ५५-६० अंशांपर्यंत तापमान जाऊ शकतं, तेव्हा तीच आम्लं भराभर वर येतात. पावसाळ्यात हवेतला ओलावा वाळलेल्या चोथ्याला परत भिजवतो आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू होतं. तेव्हा डिसेंबरात वास नाही म्हणून कोणी निश्चिंत होऊ नका. मार्चमध्ये एक दिवस गाडी उन्हात बंद ठेवून दार उघडा, खरं काय ते तेव्हा कळेल.

सुगंध, कापूर, कॉफी यांनी हे का जात नाही ते आता वेगळं सांगायला नको. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वरून फेस मारून धुण्याने तर माझं नुकसानच झालं, कारण ते पाणी वाळलेलं दूध आणखी खोल घेऊन गेलं. वाफेबद्दलही माझं मत स्पष्ट आहे: दुधाच्या डागावर वाफ नको. दुधाचं पातेलं आपण आधी गार पाण्यात भिजत घालतो, तसंच इथे. कढत पाण्याने किंवा वाफेने दुधातली काही प्रथिनं घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात आणि स्निग्धांश वितळून आणखी पसरतो.

दूध नेमकं कुठे आहे ते शोधा

सांडलं तिथेच ते असेल असं धरून चालू नका. माझं सांडलं मागच्या सीटपुढे, पण ब्रेक लावल्यामुळे ते पुढच्या डाव्या सीटखाली सरकलं आणि तिथल्या बोल्टाच्या चिरेतून उतरलं. पुढे पत्र्याच्या उतारावरून ते पुढच्या माणसाच्या पायापर्यंत गेलं होतं. घाटात, चढावर, सोसायटीच्या उतरत्या रॅम्पवर गाडी कशी उभी होती त्यावरही ते कुठे गेलं हे ठरतं.

तपासायची माझी पद्धत अशी. दुपारी तासभर गाडी उन्हात काचा बंद करून ठेवा. मग एकच दार उघडून नाक थेट कार्पेटपाशी न्या, वास घ्या, दार लावा. दहा मिनिटांनी दुसरं दार. चारही दारं एकदम उघडली तर काही कळत नाही. जिथे संशय येईल तिथे पांढऱ्या टिश्यू पेपरची चौघडी ठेवून त्यावर गुडघ्याने मिनिटभर जोर द्या. कागद ओलसर, पिवळट किंवा तेलकट झाला तर जागा सापडली. कोरडा आला तरी लगेच खूश होऊ नका. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसवलेली असते, ती हलक्या हाताने वर ओढली की कार्पेटची कड मोकळी होते. आत हात घाला, फेल्ट चिमटीत धरून बघा. माझ्या हाताला ओला, चिकट लगदा लागला आणि नऊ महिन्यांचं कोडं एका क्षणात सुटलं.

दूध डिकीत सांडलं असेल तर आधी स्टेपनी काढा. सकाळी दुधाच्या पिशव्या डिकीत टाकून आणणाऱ्यांच्या गाडीत एखादी पिशवी चिरली की दूध डिकीच्या मॅटवरून स्टेपनीच्या खड्ड्यात जाऊन साचतं. वरची मॅट कितीही धुतली तरी तळं तिथेच. एका अर्थी हे सोपं दुखणं आहे, कारण स्टेपनी निघाली की पत्रा समोर असतो, धुतला, पुसला, झालं.

कार्पेट उचलताना

डाग हाताएवढा आणि कडेला असेल तर उंबऱ्याची पट्टी काढून कड वर केली तरी भागतं. सीटखाली गेलं असेल तर सीट काढावी लागते, आणि इथे मी हात जोडून सांगते की घाई करू नका. पुढच्या सीटखाली वायरी असतात, त्यांतला पिवळा कनेक्टर किंवा पिवळं वेष्टन दिसलं तर ते एअरबॅगचं किंवा सीटबेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेचं असतं. गाडी बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. कनेक्टर सुटा असताना चावी फिरवायची नाही, नाही तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला वेगळी खेप पडते. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत नारिंगी वायर दिसली तर तिथेच थांबा आणि जाणकाराकडे न्या. काही गाड्यांत सीटखाली इलेक्ट्रॉनिक डबेही असतात, त्यांच्यावर पाणी पडता कामा नये. म्हणून मी हे काम काकांकडून करून घेतलं. सीटचे चार बोल्ट, उंबऱ्याच्या पट्ट्या, मधल्या कन्सोलचे दोन स्क्रू, एवढ्यात डाव्या बाजूचं कार्पेट अर्ध्यापर्यंत उचलता आलं.

खाली जे दिसलं ते सांगायलाच हवं. करड्या फेल्टवर ताटाएवढा पिवळा पापुद्रा, त्याच्या कडेला काळपट बुरशी, आणि पापुद्र्याखाली फेल्ट अजून ओला. पत्र्यावर गंजाचे दोन-तीन ठिपके. एवढे महिने मी वरच्या कापडाची जीव तोडून काळजी घेत होते.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो: फेल्ट धुवायचा की बदलायचा. दूध सांडून आठवडा-दोन आठवडे झाले असतील तर धुतल्याने निघू शकतं. महिने उलटले असतील, बुरशी आली असेल, तर तेवढा तुकडा कापून टाका आणि त्याच जाडीचा नवा बसवा. मला हे मनापासून पटलेलं आहे, कारण कुजलेला फेल्ट धुण्यात जेवढी मेहनत जाते तेवढ्यात नवा तुकडा बसतो. कुशनवाल्यांकडे आणि गाडीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत तसा फेल्ट मिळतो. जाडी मात्र जुळवा. पातळ बसवला तर पायाखाली खड्डा लागतो आणि आवाजही वाढतो. फोम एकसंध साच्यातला असेल तर कापण्यापूर्वी कंपनीचा सुटा भाग मिळतो का ते विचारा.

धुणं

वरचं कापड तेच ठेवायचं असतं, त्यामुळे धुणं चुकत नाही. लागतात त्या गोष्टी साध्या आहेत: ओलं ओढणारा व्हॅक्यूम, स्प्रेची बाटली, मऊ ब्रश, जुने टॉवेल आणि एन्झाइमचा क्लीनर. व्हॅक्यूम भाड्याने मिळाला तरी चालेल, पण त्याच्याशिवाय हे काम नीट होत नाही, कारण घातलेलं पाणी उपसून काढणं हाच या धुण्याचा गाभा आहे. क्लीनर कुत्र्या-मांजरांच्या डागांसाठी म्हणून मिळतो. बाटलीवर प्रोटीएज आणि लायपेज ही दोन नावं शोधा. पहिलं प्रथिनं तोडतं, दुसरं स्निग्धांश. तो नाही मिळाला तर एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर, १ लिटर कोमट पाण्यात १ सपाट चमचा, त्याहून जास्त नाही. आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून रंग जातो का ते पाहा.

सुरुवात गार पाण्याने. कापडावर फवारायचं, व्हॅक्यूमने ओढायचं. टाकीत येणारं पाणी पांढरट, गढूळ असेल तोवर हेच. माझ्याकडे सात वेळा करावं लागलं. चौथ्या वेळी जे पाणी निघालं त्याचा वास अजून आठवतो. बादलीने पाणी ओतायचा मोह होतो, तो टाळा. जेवढं ओढून काढता येईल तेवढंच घाला.

मग एन्झाइम, आणि इथेच बहुतेकांची चूक होते. फवारतात, पाच मिनिटांनी पुसतात, आणि म्हणतात याने काही होत नाही. एन्झाइमला वेळ लागतो, ओल लागते आणि थोडी ऊब लागते. दूध जिथवर गेलं तिथवर ते पोचायला हवं, म्हणून डाग दिसतो त्याच्या चारी बाजूंनी बोटभर जास्त भिजवा. वर प्लास्टिकचा कागद अंथरा म्हणजे वाळणार नाही. पाच-सहा तास तरी राहू द्या. पाणी हाताला जेमतेम कोमट लागेल एवढंच, साधारण ४० अंश. फार गरम पाण्यात एन्झाइम निकामी होतात. ब्लीच आणि व्हिनेगर त्यांच्या आसपासही आणू नका, दोन्हींनी एन्झाइम बिघडतात. आणि ब्लीच-व्हिनेगर एकमेकांत तर कधीच मिसळू नका, क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि गाडीसारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो.

व्हिनेगरचं नाव निघालंच आहे तर सांगते. दुधाच्या वासावर पुष्कळ जण व्हिनेगर सुचवतात. मांजराच्या मुताला अमोनियाचा वास येतो, तिथे आम्ल कामाला येतं. खवट दुधाचा वास मुळातच आम्लाचा आहे. त्यावर आणखी आम्ल कशाला? इथे खाण्याचा सोडा बरोबर बसतो, कारण तो आम्लाशी मिळून त्याचा क्षार करतो आणि क्षार हवेत उडत नाही. फक्त तो कोरडा भुरभुरवून उपयोग नाही, आम्ल खाली आणि सोडा वर अशी स्थिती होते. एन्झाइमचं काम झाल्यावर आणि ते ओढून काढल्यावर, १ लिटर पाण्यात दोन मोठे चमचे सोडा विरघळवून फवारा, अर्धा तास ठेवा, ओढून काढा. नंतर साध्या पाण्याने दोनदा. साबण आणि सोडा आत राहिला तर कापड कडक होतं, पांढरे डाग उमटतात आणि धूळही भराभर धरते.

पत्रा ओल्या फडक्याने पुसून कोरडा केला. गंज होता तिथे घासून गंजरोधक प्रायमरचा हात दिला.

वाळवणं

मला विचाराल तर धुण्याइतकंच हे महत्त्वाचं, आणि पुण्यात महिना बघून ठरवायचं. एप्रिल-मेमध्ये दारं उघडी टाकली तर दीड दिवसात काम होतं. मी हे जुलैत केलं, त्यामुळे तीन दिवस लागले. ओलं कार्पेट परत खाली दाबून बसवलं की एक-दोन दिवसांत बुरशीचा कुबट वास धरतो, आणि मग दुधाचा वास गेला की नाही तेच कळत नाही. कार्पेटच्या कडेखाली लाकडाचे ठोकळे ठेवून ते पत्र्यापासून वर उचला, पार्किंगमध्ये उभा पंखा आणून त्याचा झोत थेट त्या फटीत सोडा. मधूनमधून टॉवेल दाबून ओल टिपा. गाडीचा एसीही हवेतली ओल ओढतो, पण इंजिन चालू ठेवून तो चालवायचा तर गाडी उघड्यावर हवी. तळघरातल्या किंवा बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून कार्बन मोनॉक्साइड कोंडू देऊ नका.

वाळलं की नाही हे तळव्याने कळत नाही, गार लागलं की ओलं असं वाटतं आणि कोरडं लागलं तरी आत ओल असू शकते. पुन्हा तोच टिश्यू पेपर, तोच गुडघा. कागद कोरडा आला तरच ठोकळे काढा आणि सीट बसवा.

एवढं करूनही ओल किंवा वास आला तर

काकांनी फेल्ट दाखवला तेव्हाच मी विचारलं होतं, "काका, नऊ महिन्यांपूर्वीचं दूध अजून ओलं कसं?" त्यांनी उत्तर देण्याआधी एसी सुरू करायला सांगितला आणि वाकून गाडीखाली पाहिलं. दमट हवेत एसी पंधरा-वीस मिनिटं चालला की गाडीखाली पाण्याचे थेंब पडायला हवेत. माझ्या गाडीखाली जमीन कोरडी होती. एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी कचऱ्याने तुंबली होती, म्हणून ते पाणी आत, डाव्या बाजूच्या पुढच्या कार्पेटखाली उतरत होतं आणि तिथलं दूध रोज नव्याने भिजवत होतं. जूनमध्ये वास एवढा का वाढला याचं अर्धं उत्तर त्या नळीत होतं. नळी मोकळी करायला दहा मिनिटं लागली. ती तशीच राहिली असती तर नवा फेल्टही महिन्याभरात कुजला असता.

म्हणून कार्पेट साफ करण्यापूर्वीच ओल कुठून येते ते बघा. एसीच्या नळीखेरीज दाराच्या रबरातून, सनरूफच्या नळ्यांतून, पुढच्या काचेच्या कडेतूनही पावसाचं पाणी येतं. सोसायटीत नळीने दारावर पाणी मारायला सांगून आपण आत बसलं की कळतं.

वास एसी लावल्यावरच पहिल्या मिनिटात येत असेल आणि ओल्या मोज्यांसारखा असेल, तर तो बहुधा दुधाचा नाही, एसीच्या आतल्या गार जाळीवर बुरशी धरली असेल. केबिन फिल्टर बदला, तो बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. दुधाचा वास काही महिने गाडीत कोंडला असेल तर फिल्टर तसाही बदलावाच. मागच्या माणसांसाठी पुढच्या सीटखालून एसीची हवा येते अशी गाडी असेल तर त्या वाटेतही दूध गेलंय का ते विजेरी लावून पाहा. माझ्या गाडीत ती सोय नाही.

ओझोनचं यंत्र लावून वास घालवून देतो असं सांगणारे भेटतील. दूध काढून झाल्यावर कापडात, छताच्या अस्तरात राहिलेला शेवटचा वास त्याने कमी होऊ शकतो. दूध आत असताना त्यावर पैसे घालवू नका. आणि लावलंच तर गाडीत कोणी बसायचं नाही, नंतर दारं उघडून चांगली हवा खेळवायची. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे.

आत्ताच सांडलं असेल तर

हे वाचताना दूध अजून ओलं असेल तर नशीब समजा, पहिल्या तासाभरात निम्म्याहून अधिक काम होतं. गाडी थांबवा, शक्यतो सपाट जागी, म्हणजे दूध आणखी सरकणार नाही. मॅट तिरकी न करता, चारी कडा धरून उचला आणि बाहेर रिकामी करा. टॉवेल, फडकी, हाताशी असेल तर वर्तमानपत्र, काहीही टाकून वर उभं राहा, पायाचं वजन द्या. पुसू नका, घासू नका, टिपा. एक टॉवेल भिजला की दुसरा. मग गार पाणी शिंपडून पुन्हा टिपा. आणि डबा किंवा पिशवी बघून हिशोब करा: किती होतं, किती उरलं, टॉवेलात किती आलं. हिशोबात पाव लिटरपेक्षा जास्त तूट असेल तर ते कार्पेटखाली गेलंय असं धरा आणि दोन-तीन दिवसांतच उंबऱ्याची पट्टी काढून बघा. या टप्प्यावर फेल्ट धुऊन वाचतो.

लहान मुलाची दुधाची बाटली कार सीटमध्ये सांडली असेल तर कापड काढून धुता येतं, पण पट्ट्यांना ब्लीच किंवा कडक साबण लावू नका, त्यांची ताकद कमी होते. पट्ट्या ओल्या फडक्याने पुसायच्या, बस्स.

आमच्या गाडीला आता दोन उन्हाळे झाले. मे महिन्यात भर दुपारी बंद गाडीचं दार उघडून मी मुद्दाम खाली वाकून वास घेते, तो नाही. सासूबाई पुढच्या सीटवर बसतात. गेल्या कोजागरीला दूध नेलं ते रबर लावलेल्या झाकणाच्या कुकरमध्ये, शिट्टीच्या भोकावर कणीक थापून, आणि कुकर प्लास्टिकच्या टबात, भोवती जुन्या चादरीची गुंडाळी. मागच्या कार्पेटवर केशराचा पिवळा डाग मात्र राहिला आहे. तो काढायला आणखी दोनदा भिजवावं लागलं असतं, आणि त्याला वास नाही, म्हणून तो मी तसाच ठेवला.